चौक्यातलं पाणी

ब्राह्मीने विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं आणि चौक्यात, म्हणजे मुनींच्या आहारासाठी राखलेल्या सोवळ्या स्वयंपाकघरात, चुलीवर चढवलं. बोरगावात जैन मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. महाराज रोज सकाळी मनात एक गुप्त अट धरून मंदिरातून निघत. ज्या दारी ती जुळेल तिथेच आहार, नाहीतर उपास. मगदूमांच्या, म्हणजे तिच्या सासरच्या, दारासमोरून ते आजवर पुढेच गेले होते.

आणि सासूबाईंचा शब्द होता, एकदा आपल्या दारी आहार घडला की सून बेळगावला जायला मोकळी. तिथल्या प्रयोगशाळेत तिचं संशोधन अर्धवट पडलं होतं. यंत्रावर तिचा नंबर उद्याचा होता. तो हुकला की वर्ष गेलंच.

"पाण्यात एवढं बगायचं काय असतंय गं?" जाळ सारत सासूबाईंनी विचारलं.

"पाण्याचे कण एकमेकाला धरून असतात, आई. हायड्रोजन बंध म्हणतात त्याला. बर्फात सगळे जागच्या जागी, नुसते थरथरतात. पाण्यात बंध तुटतो."

"मग सुटला की त्यो."

"न्हाय. दुसऱ्यानं धरलं की मगच पहिला सोडतो. प्रकाश टाकून ती थरथर बघायची. पकड किती घट्ट, ते त्यावरनं कळतंय."

"बिचारं," सासूबाई अगदी कळवळून म्हणाल्या.

त्या वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. खाष्ट सासूशी निदान भांडता येतं.

"आज कलश मी धरू?" ब्राह्मीने विचारलं. महाराजांना बोलावताना दारात धरायचा तो कलश रोज सासूबाई धरत. तिला आता नुसतं मागे उभं राहवत नव्हतं.

सासूबाईंनी कलश तिच्या हाती दिला. ती आणि तिचा नवरा सन्मती दारात उभे राहिले. महाराज दिसताच "नमोस्तु, तिष्ठ तिष्ठ," ती म्हणाली. नवऱ्याच्या आधी आणि त्याच्याहून मोठ्याने.

महाराज थांबले.

आहार झाला. महाराज परतताच गल्लीतल्या बायका आत आल्या. ब्राह्मीला हसू आवरेना.

"बॅग भर," सन्मती पुटपुटला. "निपाणीला बसवर सोडतो." तो मोटरसायकल काढायला गेला.

सासूबाईंनी भरल्या डोळ्यांनी तिला जवळ ओढलं.

"कलश सुनेच्या हातात पायजे, हीच अट असणार बघ. आता दिवाळीपतोर तूच धरायचा."

"पण आई, तुम्ही शब्द दिला होता."

"दिलता की. पर तू गेलीस आन् म्हाराज उपाशी ऱ्हायले तर?"

बायकांनी माना डोलावल्या. ब्राह्मीने दाराकडे पाहिलं. सन्मती मोटरसायकल पुन्हा आत घेत होता.