मागच्या फाटकाचं कुलूप

मी एक कुलूप आहे. पितळी, सात लिव्हरचं आणि जरासं गर्विष्ठ. सध्या मी ज्या देशात राहतो तिथे घरांच्या दारांना कडी-कोयंडाच नसतो, तरीही मला इथे नोकरी लागली. आता एवढ्यावर कोणाला गर्व होणार नाही? ती कशी लागली तेच सांगतोय. ऐकून झाल्यावर तुमच्याकडे माझं एक काम आहे, पण ते शेवटी.

माझा जन्म अलीगढचा. तिथून पोत्यात भरून मी पुण्याला रविवार पेठेत आलो आणि एका दुकानात खिळ्याला लटकत राहिलो. कर्वेनगरात नवा फ्लॅट घेतलेलं एक जोडपं एके दिवशी दुकानात आलं. जयप्रकाशराव शेजारच्या स्वस्त कुलपाकडे बघत होते. सरलाताईंनी मला तळहातावर घेऊन वजन जोखलं आणि "हेच" म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांचाच.

सरलाताईंची एक सवय होती. कुलूप लावलं की किल्ली काढायची आणि मला चांगला हिसडा देऊन बघायचं. मग स्वतःशीच "लागलं" म्हणायचं आणि त्यानंतरच जिना उतरायचा. जयप्रकाशराव खाली रिक्षा थांबवून वैतागलेले असायचे. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर बाईंना शंका आली, तर त्या परत येऊन पुन्हा हिसडा देणार हे ठरलेलं. मला त्या हिसड्याचा कधी राग आला नाही. दिवसभरात कुलपाशी कोण काय बोलतं? मला तर तेवढंच काय ते मिळायचं.

पुढे जयप्रकाशराव गेले. मग बिल्डिंग पाडून नवी बांधली आणि नव्या दाराला आतूनच बसवलेलं लॅच आलं. मला कोणी कामावरून काढलं नाही, पण कोणी लावलंही नाही. मी फळीवर जुन्या इस्त्रीशेजारी बसून राहिलो.

सरलाताई मुलाकडे नेदरलँड्सला निघाल्या तेव्हा त्यांनी बॅगेत भाजणी, मेतकूट आणि सोऱ्या भरला, वर मला टाकलं. विमानतळावरच्या माणसाने मला बाहेर काढून उलटंपालटं केलं आणि हे कशाला म्हणून विचारलं. घराला लावायला, असं त्यांनी सांगितल्यावर त्या बिचाऱ्याने मला परत मेतकुटावर ठेवून चेन लावली.

पण त्या प्रवासात खरी जोखीम होती ती त्यांच्या गळ्यात, स्कार्फच्या आत. ती एक ठुशी होती. ती त्यांची नव्हती, त्यांच्या विहीणबाई सुचेताबाईंची, म्हणजे सून सुनेत्राच्या आईची होती. सुचेताबाई त्याच वर्षी आजारपणात गेल्या. सुनेत्रा नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावाहून पुण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. जाण्याआधी विहीणबाईंनी सरलाताईंचा हात धरून सांगितलं होतं, की ही ठुशी तुम्ही स्वतः माझ्या सुनूच्या हातात द्या. सरलाताईंनी विमानात डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

आल्मेरेच्या घरात पाऊल ठेवल्याबरोबर त्यांनी ठुशी काढून सुनेत्राच्या ओंजळीत ठेवली. सुनेत्रा तशीच जिन्याच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ रडली. आईचं म्हणून तिच्याकडे आता एवढंच होतं.

त्यानंतर बॅगेतून मी निघालो आणि रडणारं घर हसायला लागलं. आशुतोष, म्हणजे सरलाताईंचा मुलगा, म्हणाला, "आई, अगं इथे दाराला कडीच नसते. लावणार कुठे हे?" आठ वर्षांच्या भार्गवीने मला उचलून बघितलं आणि डच भाषेत काहीतरी बोलून परत ठेवलं. या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते डचमध्ये, फार तर इंग्रजीत. माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या त्या खणात झाली, जिथे संपलेले सेल, रबरबँड आणि कशाची ते कोणालाच न आठवणारी झाकणं असतात.

बाहेर दारावर माझ्या जागी एक काचेच्या डोळ्याची बेल होती. तिचं काय ते कौतुक! कोणी आलं की ती लगेच दूर झुइडास भागातल्या ऑफिसात बसलेल्या आशुतोषच्या फोनवर चुगली करायची. कुरिअरवाला आला, शेजारचं मांजर आलं, एवढंच काय, वाऱ्याने पान उडालं तरी कळवायची. अडवायची मात्र कोणालाच नाही.

दिवाळी आली. पुण्यात लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी होतं, पण त्या वर्षी इथल्या घड्याळाप्रमाणे अमावास्येची संध्याकाळ आली ती ऐन एकतीस ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्याच दिवशी. आमच्या गल्लीत संध्याकाळी पोरं भुतं-चेटकिणी होऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरणार होती. सुनेत्राला दोन्ही सण एकदम साजरे करायचा फार उत्साह. तिने उंबऱ्याबाहेर रांगोळीची पावलं काढली, पायरीवर ओळीने पणत्या मांडल्या. समोरच्या भल्यामोठ्या खिडकीला इथल्या रिवाजाप्रमाणे पडदा नव्हताच. त्या खिडकीसमोरच तिने चौरंग मांडला. त्यावर लक्ष्मीचा फोटो, नोटा, नाणी आणि ताटलीत ठुशी.

खिडकीला आतून एक रंगीत कागद चिकटवला होता. भार्गवीने शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी तो दोन दिवस आधीच लिहून लावला होता. सरलाताईंनी कौतुकाने काय लिहिलंय म्हणून विचारलं, तेव्हा नातीने इंग्रजीत अर्थ सांगितला. तो असा, की एकतीस तारखेला आमच्याकडे धनाची देवी येते, आम्ही सोनं आणि पैसे बाहेर मांडून ठेवतो, दार उघडं ठेवतो, कोणीही या.

सरलाताईंच्या हातातलं उदबत्तीचं घर तसंच राहिलं. "अगं सुनेत्रा," त्या म्हणाल्या, "आपण चोराला आमंत्रण दिलंय. तेही त्याच्या भाषेत."

सुनेत्रा आधी हसली. मग तिची नजर खिडकीवरून ताटलीकडे गेली आणि हसू गेलं. तोंडावर मुखवटे घातलेली माणसं आज कोणालाही संशय न येता फिरणार होती, हे तिच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. ती ठुशी उचलून वर ठेवायला निघाली. पण सरलाताईंनी तिला थांबवलं. यंदा आईची ठुशी पूजेला लावायची हे सुनेत्राने कधीपासून मनात धरलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "पूजा तशीच होईल. लक्ष्मीला दार उघडं राहील. बाकीच्यांचं मी बघते."

मग बाई कामाला लागल्या. खिडकीवर त्यांची जुनी इंदुरी साडी पडदा म्हणून चढली. पायरीवरच्या पणत्या वरच्या कट्ट्यावर गेल्या, कारण झगे फरफटत पोरं येणार आणि एखाद्याचा घोळ पेटायला वेळ लागत नाही. भार्गवीकडून कागद नवा लिहून घेतला: सगळ्यांचं स्वागत आहे, दाराशी मुखवटा काढायचा आणि लाडू घ्यायचा. पुढच्या दाराच्या आत सरलाताईंनी स्वतःसाठी खुर्ची टाकली.

एवढं झाल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या आणि माझा खण उघडला. मी तर आशाच सोडली होती. इथल्या घरांना मागे छोटी बाग असते, बागेला लाकडी फाटक आणि फाटकापलीकडे सगळ्या घरांच्या मागून जाणारी बोळ. कचऱ्याचा डबा बाहेर काढताना बाईंनी त्या फाटकाचा अडसर बघून ठेवला होता. त्याला भोक होतं. मी त्या भोकात असा बसलो, की अलीगढवाल्यांनी मापच घेतलं होतं म्हणावं. बाईंनी हिसडा दिला. "लागलं," त्या म्हणाल्या. किती वर्षांनी ऐकला मी तो शब्द.

माझी पहिली शिकार निघाली घरचाच मालक. अंधार पडता पडता फाटक खडखडलं. फटीतून बघतो तर हिरव्या तोंडाचा राक्षस, सोबत सायकल. त्याने ढकललं, ओढलं, लाथ घातली. मी ढिम्म. शेजारच्या इनेकाबाई कुंपणावरून झाडणी उगारून डचमध्ये ओरडल्या. आतून सरलाताई लाटणं घेऊन धावल्या. तेव्हा राक्षस मराठीत बोलला, "आई, मी आहे."

लेकीला घाबरवायला म्हणून आशुतोषने स्टेशनवरच मुखवटा चढवला होता, आणि सायकल घेऊन सगळे जण येतात तसा मागून आला होता. सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. आशुतोष मात्र चिडला. इथे लोक मागूनच येतात-जातात, पुढे कॅमेरा आहे, हा काय रस्ता पेठेतला आहे का, वगैरे वगैरे. ते कुलूप आता काढून ठेव, असं सांगून तो हातपाय धुवायला गेला.

सरलाताई मला हातात घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. मुलाचं घर, मुलाचा देश. त्यांची बोटं माझ्यावर जरा घुटमळली. मग त्यांनी मला परत अडकवलं, हिसडा दिला आणि आत गेल्या. तेवढ्या वेळात माझा जीव टांगणीला लागला होता.

पूजा सुरू झाली. इनेकाबाईही झाडणी ठेवून चांगले कपडे घालून आल्या होत्या. आरती सुरू झाली तसा घंटेचा, टाळ्यांचा आवाज बोळीपर्यंत आला, त्यात आशुतोषचा बेसूर आवाज सगळ्यात वर. आणि नेमका त्या गोंगाटात फाटकावर हात पडला.

हा हात घरचा नव्हता. सावकाश, सरावलेला, आवाज न करणारा. तो फाटकावरून आत आला, पण अडसर सरकेना म्हणून त्याने मला चाचपलं. त्याने रबरी मुखवटा घातला होता. पुढच्या दाराशी सगळं घर गोळा झालंय हे त्याला कळलंच असणार. त्याने स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या कडीत घातला आणि पिरगाळला. काय सांगू, सांधा न् सांधा ठणकला माझा. आत आरती रंगात आली होती. ताटलीत ठुशी होती, आणि तिच्या नि या माणसाच्या मध्ये मी एकटा होतो. पुढची बेल तेव्हा आरतीला आलेल्या पाहुण्यांचे फोटो काढत होती. माझं म्हातारपण, गंज, खणातले दिवस, सगळं विसरून मी दात आवळून धरले.

तेवढ्यात बोळीतून टॉर्च चमकले. भुतांची एक टोळी जवळच्या वाटेने येत होती. चादर पांघरलेलं एक पिटुकलं भूत त्या माणसापाशी थांबलं. इतके दिवस खणात पडून भार्गवीचं ऐकून ऐकून मलाही थोडं डच कळायला लागलं होतं. ते भूत अगदी मदत करायच्या सुरात म्हणालं, "इथून नाही. पुढचं दार उघडं आहे. फक्त मुखवटा काढावा लागतो, मग लाडू मिळतो."

त्या माणसाला लाडू नको असावा. स्क्रूड्रायव्हर खिशात घालून तो आला तसा बोळीतून निघून गेला.

सकाळी आशुतोष सायकल काढायला आला. अडसर वाकलेला, माझ्या अंगावर खोल चरा. त्याने खाली बसून त्या चऱ्यावरून बोट फिरवलं. तेवढ्यात इनेकाबाई सांगत आल्या, की आदल्या संध्याकाळी चार घरं पलीकडे मागच्या बाजूने कोणीतरी शिरलं आणि लॅपटॉप नेले. आशुतोषने आईला हाक मारली. त्या आल्या, त्यांनी बघितलं, पण बघ मी म्हणत नव्हते का, असं काही म्हणाल्या नाहीत. तो म्हणाला, "आई, याला तेल कुठलं घालायचं?" पोराची माफी मागायची पद्धत ती. त्यांना कळली. सुनेत्राने गळ्यातल्या ठुशीवर हात ठेवला आणि सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं.

थंडी वाढली आणि सरलाताई पुण्याला परत गेल्या. जाताना त्यांनी मला नेलं नाही. गाडी पुढे उभी होती, तरी त्या मागे फाटकाशी आल्या. या खेपेला हिसडा दिला नाही, नुसता हात ठेवला. मी पितळेचा, मला रडता येत नाही. आलं असतं तर रडलो असतो.

त्या संध्याकाळी अंधार पडला तरी फाटकाकडे कोणीच आलं नाही. मी उघडाच लटकत होतो. आता पुन्हा तो खण, असं माझ्या मनात आलं. मग स्वयंपाकघराचं दार वाजलं. आजीची लोकरी शाल गुंडाळून भार्गवी एकटीच आली. तिने अडसर सरकवला, मला अडकवून दाबलं. खटका पडला. ती वळली, दोन पावलं गेली आणि परत आली.

तर माझं काम एवढंच आहे. आज घराबाहेर पडताना दार नुसतं ओढून घेऊन जाऊ नका. किल्ली फिरवा आणि एकदा हलवून बघा. तुमच्याकडे चौरंगावर काय मांडलेलं असतं ते मला माहीत नाही, पण काहीतरी असतंच.

भार्गवीने दोन्ही हातांनी मला धरलं, सगळा जोर लावून हिसडा दिला, आणि ही डच बोलणारी पोर अंधारात स्वतःशीच म्हणाली, "लागलं."