कानातल्या बाई

"ह्या बाई मधे श्वास तरी घेतात का रे? कधीच्या बोलतायत आपल्या."

बाई त्या दोघा पोरांच्या मागेच उभ्या होत्या. क्षणभर त्यांना वाटलं, आपल्यालाच म्हणतायत. आणि गंमत म्हणजे बरं वाटलं. पण पोरगा म्हणत होता ते हेडफोनमधल्या बाईंना. मुलं त्यांना कानातल्या बाई म्हणत. खऱ्या बाईंच्या बोलण्याचा मुलांना कंटाळा यावा, असे दिवस गेल्या उन्हाळ्यातच संपले होते.

एके काळी इतिहासाच्या बाईंना ह्या शाळेत 'तोफ' म्हणत. त्या सातवीवर लढाई शिकवायला लागल्या की शेजारच्या वर्गात गणिताचे सर खडू खाली ठेवायचे आणि तह होण्याची वाट बघायचे. मग घशाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, आणि तोफेच्या जागी उरली नुसती खरखर, रिकाम्या पिंपात कोणी खराटा फिरवावा तशी. कॉलरला माइक लावून पाहिला. खरखर मोठी झाली, आवाज काही झाला नाही. हल्ली मुलांनी तोफ म्हणणंही सोडून दिलं होतं. मुलांचा तो समजूतदारपणा बाईंना अगदी सोसत नसे.

मग मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तोडगा काढला. इतिहास संगणकावर. मुलांनी संगणकाच्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचे, चित्रं बघायची आणि शेवटी प्रश्नांच्या उत्तरांवर टिचक्या मारायच्या. बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल. सगळं हिरवं झाल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही.

"तुमचा आवाज मोकळा होईपर्यंतची सोय हो," मोठे सर म्हणाले होते. "सुट्टीनंतर होईलच."

"होईलच," संगणकाचे सर म्हणाले. नवरासुद्धा फोनवर सगळ्यांना हेच सांगायचा. "बराच फरक आहे, येईल हळूहळू." डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून जे सांगितलं होतं, ते तो बहुतेक दवाखान्याच्या जिन्यातच ठेवून आला होता. बाईंनीही ते उचलून घरी आणलं नव्हतं.

आता बाईंचं काम म्हणजे हेडफोन वाटायचे, गोळा करायचे आणि मधल्या वेळात वायरींचा गुंता सोडवायचा.

"बाई, माझ्या एकाच कानात येतंय."

"बाई, हा माझा माऊस ओढतो."

"बाई, माझा राजा अडकलाय." राजा खरोखरच अडकला होता, एक पाय रिकिबीत आणि एक हवेत. बाईंनी मशीन बंद करून चालू केलं. राजा पुन्हा पहिल्यापासून घोड्यावर चढायला लागला.

आणि एवढं करून पदरात काय, तर मुलांनी आठवड्याभरात खोच ओळखली. धडा ऐकायची गरजच नाही. पहिला पर्याय दाबा, लाल झाला तर दुसरा दाबा, दाबत राहा. कधीतरी हिरवं होतंच. बाईंनी एकाला जवळ जाऊन विचारलं, "वेढा म्हणजे काय रे?"

"तिसरा पर्याय, बाई," तो म्हणाला. नजर पडद्यावरच होती.

बाईंनी संगणकाच्या सरांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी घाईघाईने एक वायर काढली आणि तीच पुन्हा लावली.

तेवढ्यात मोठे सर आत आले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक वर्गाची एक पट्टी होती. सातवीची हिरवीगार झाली होती, फक्त टोकाला कुरतडल्यासारखी जागा राहिली होती.

"ही का भरत नाहीये? उद्या संस्थेची माणसं यायचीत."

"एक मुलगी पुढे जात नाहीये, सर," संगणकाचे सर म्हणाले. "एकाच प्रश्नावर अडून बसलीय. उत्तर माहीत असून दाबत नाही."

मोठे सर बाईंकडे वळले. आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलायची सवय त्यांना लागली होती. "बाई, एवढी पट्टी भरली ना, की पुढच्या सत्रापासून सगळ्याच वर्गांचा इतिहास ह्याच्यावर. तुमची ही दगदग सुटली. ग्रंथालय आहेच, निवांत बसा. आवाज मोकळा होईपर्यंत."

ग्रंथालयाच्या दारावर 'बोलू नये' अशी पाटी आहे, हे बाईंना आठवलं. जागा तर शोभेलशी शोधली होती.

"तुम्ही जरा समजवा तिला. तुमचं ऐकेल."

तुमचं ऐकेल. हे शब्द त्यांच्याबद्दल कुणी बऱ्याच महिन्यांत उच्चारले नव्हते.

ती मुलगी खिडकीजवळच्या शेवटच्या मशीनवर होती. वर्ग तिला 'चिंगम' म्हणायचा, कारण एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही. हेडफोन काढून तिने मांडीवर ठेवले होते. पडद्यावर प्रश्न होता, वेढा पडलेल्या शहराचा दरवाजा रक्षकाने आतून का उघडला? खाली पर्याय. तिने 'भूक' दाबलं होतं आणि ते लालभडक झालं होतं.

बाई तिच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या, अगदी खांद्याला खांदा लागेल अशा. "वरचं दाब की गं. फितुरी."

"माहितीय. पण तुम्ही तर वेगळं सांगितलं होतं."

मध्यंतरी संगणक बंद पडले होते, तेव्हा बाईंनी हा वेढा वर्गात सांगून पाहिला होता. रक्षकाचं तान्हं बाळ रात्ररात्र रडायचं. मग एका पहाटे ते रडायचंच थांबलं, अंगात त्राणच उरलं नाही, आणि बापाने अडसर काढला. दरबारच्या कागदात फितुरी लिहिलीय, रक्षकाच्या घरात लिहिणारं कोणी नव्हतं, असं त्या म्हणाल्या होत्या. मागच्या बाकांवर तोवर फुल्ली-गोळा सुरू झाला होता. कुणाच्या कानावर पडलं नाही, असं समजून बाईंनी त्या दिवशी फळा जरा जोरातच पुसला होता. पहिल्या बाकावर चिंगम बसली होती.

"अगं, नुसतं बटण आहे," बाई म्हणाल्या. "दाबून टाक आणि मोकळी हो."

"मी नाही त्याला फितूर म्हणणार." मग तिने खाली पाहिलं. "सगळे मला बहिरी म्हणतात, बाई. म्हणतात, बाईंचं काही कळतच नाही, तू आपलं भलतंच ऐकलंस."

बाईंनी तिच्या मांडीवरचे हेडफोन उचलले आणि त्या वायर बोटाला गुंडाळत बसल्या. हेडफोनमधून कानातल्या बाईंचा स्वच्छ, गोड आवाज बारीक झिरपत होता.

"तुमचा आवाज आला की सांगाल ना त्यांना? सुट्टीनंतर?" चिंगम म्हणाली. "मी थांबते तोवर. लाल तर लाल."

बाईंना एकदम दिसलं, ही पोर खरंच थांबेल. सुट्टी होईल, सत्र संपेल, वर्ग पुढे जाईल, आणि ही त्या दरवाजापाशी लाल होऊन बसून राहील, न येणाऱ्या आवाजाची वाट बघत. आणि तिला तिथे बसवलं कोणी? सगळ्यांनीच. त्यात बाई स्वतः पहिल्या.

त्या उठल्या. "हेडफोन काढा," म्हणाल्या. एकानेही काढले नाहीत; ऐकूच जात नव्हतं, तर काढणार कोण? टेबलावर डस्टर आपटला, तरी सगळी डोकी पडद्याकडे. मग बाई दारामागच्या मोठ्या बटणाकडे गेल्या आणि त्यांनी ते खाली ओढलं.

पडदे विझले. हिरवी पट्टीही गेली. पंखे कुरकुरत थांबले आणि सगळी डोकी एकदम वळली.

"बाई, असं नाही बंद करायचं, मशीनं जातील," संगणकाचे सर धावत आले.

मोठे सर दारातच होते. कपाळावर आठी होती, पण आवाज तोच, आजाऱ्याशी बोलायचा. "काय हे, बाई? घशाला ताण द्यायचा नाही ना आपल्याला? बसा तुम्ही. सुट्टीनंतर एकदा तुमचा आवाज परत आला, की मग..."

"तो येणार नाहीये, सर."

ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं नसावं. कोणीतरी "काय म्हणाल्या?" विचारलं. बाई मुलांकडे वळल्या. घसा खाकरायची सवय अजून गेली नव्हती. त्यांनी खाकरून घेतलं.

"माझा आवाज आता कधीच परत येणार नाही. एवढाच राहणार आहे. तेव्हा आपापल्या खुर्च्या उचला आणि जवळ या."