मीठ वाढलं

मी मिठाचा पेटारा. पेणच्या बाजारात महिपतीशेटचं किराणा दुकान आहे, त्याच्या पायरीवर डाव्या बाजूला मी बसलेलो असतो. आलात तसे जरा टेका. शेट आत फोनवर आहेत, बोलायला मी आहेच.

माझा जन्म रोह्याचा. लाकूड ऐनाचं. महिपतीशेटचे वडील हैबतराव यांनी सुताराला बजावलं होतं, "लोखंडाचा एक खिळा दिसता कामा नये. मीठ लोखंड खातं." म्हणून मला लाकडी खुंट्यांवर उभा केला. सुतार म्हणाला, "मग कुलूप कशाचं लावणार?" हैबतराव हसले. "मिठाला कुलूप लावायची वेळ आली तर दुकान कशाला ठेवू?" तेव्हापासून मी रात्रंदिवस बाहेरच.

मला सुखदुःख होतं का, असं विचाराल. पूर्वी होत असावं. इतकी वर्षं खारटात बसलं की लाकूड बधिर होतं. दिसतं सगळं, लागत काही नाही.

पण बघायला मिळतं पुष्कळ. साखर घेताना माणूस भाव विचारतो, डाळ घेताना दाणा चावून बघतो, तेलाच्या वेळी तर वाद घालतो. मीठ मात्र न विचारता नेतो. जाता जाता एक खडा जिभेवर ठेवतो आणि आपण काही घेतलं हेही त्याला कळत नाही.

आमच्या दुकानात 'संपलं' हा शब्द उच्चारत नाहीत. दुकान बंद करायचं तर ते वाढवायचं, दिवा विझवायचा तर वाढवायचा, आणि मीठ उरलं नाही तर मीठ वाढलं. हैबतरावांची ही शिस्त महिपतीशेटनं पाळली. जुन्या गिऱ्हाइकांना ते कळायचं. ती "बरं, उद्या येतो" म्हणून वळायची.

माझ्यातलं जाडं मीठ यायचं खाडीकडच्या हौसाच्या आगरातून, म्हणजे मिठागरातून. ती आणि तिचा नवरा जनू ते पिकवायचे. आता जनूचे गुडघे गेले, मुलगा प्रणित डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर लागला. बाकीचे गडी एकेक करून कमी झाले. भांडून कोणी गेलं नाही. शिफ्टची गाडी नाक्यावर यायला लागली आणि माणसं तिच्यात बसत गेली.

यंदा चैत्रात माझा तळ दिसला. पुडीतल्या मिठाचा ट्रक कुठेतरी लांब अडकला होता. ट्रक होता, माल होता, चालवायला ड्रायव्हर नव्हता. हौसाचं मीठही आलं नव्हतं. अशात कंपनीत सुपरवायझर असलेला रितेश बाईकवरूनच ओरडला, "शेट, मिठाची पुडी टाका."

"मीठ वाढलंय रे," शेट म्हणाले.

"कितीनं?"

शेटचा फोन वाजला. उत्तराची वाट कोण बघतो? रितेशनं मोबाईल काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'पेणला मीठ वाढलं.'

दुपारपर्यंत दुकानासमोर रांग. ज्यांच्या घरी डबा भरलेला होता तेही आले. अनिताबाईंच्या घरी माणसं दोन, त्या पाच पुड्या मागत होत्या. शेट समजावून थकले आणि शेवटी माझ्यावर चढून उभे राहिले.

"अहो, भाव नाय वाढला! वाढलं म्हंजे संपलं! मीठ संपलंय!"

बोलले आणि जीभ चावली. दोन पिढ्यांत जो शब्द या पायरीवर उमटला नव्हता, तो माझ्याच डोक्यावरून गेला. ऐकलं मात्र, सगळी रांग पुढे घुसली.

त्या रेट्यातून हौसा आली. पायाला पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला.

"शेट, मला माणसं दे."

"आधी मीठ दे, हौसाबाई. बघतेस ना?"

"मीठ हाय! आगरात रास पडलीय, सगल्या वर्साची. पन बांधाला खांड गेलीय. बुजवाला कोन नाय. प्रणितला फोन केला, तं म्हनतो कंपनीत शटडाऊन हाय, मशिनी बंद ठेवून दुरुस्ती, रजा नाय. पुनवेचं उधान आलं का खांडीतून पानी आत येल. त्याच्या आधी रास उचलाला पायजे."

शेटचे डोळे चमकले. व्यापारी माणूस, त्यांना एका दमात दोन्ही सौदे दिसले. ते रांगेकडे वळले. "ऐकलंत? मीठ ढीगभर हाय! टोपलीनं बांधावरून रस्त्यापर्यंत आणायचं. टेंपो माझा, चहा माझा. आणील त्याला घरचं मीठ फुकट. कोण येतंय?"

मी तिथेच होतो, म्हणून सांगतो. एवढी माणसं, चांगली धडधाकट, आणि सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये.

"माझी सेकंड शिफ्ट हाय," रितेश म्हणाला.

"माझ्या मणक्यात गॅप आहे हो," मागून कोणीतरी.

"घरपोच नाही का मिळणार?" अनिताबाईंनी विचारलं.

"मिलंल ना गो," हौसा म्हणाली. "खाडी येतेय घरपोच न्यावाला. तिलाच पत्ता देऊन ठेव."

रांग खळखळून हसली. हसली आणि जागच्या जागी उभी राहिली.

शेटनं मुकादमांना फोन लावले. सगळ्यांचे गडी शटडाऊनच्या कामाला. मग जिते गावचा कान्हू, दुकानातला एकुलता एक हमाल, त्याला घेऊन ते स्वतः टेंपोत बसले. पुढचं मला कान्हू चहाच्या गाडीवाल्याला सांगत होता तेव्हा कळलं. शेट टोपली डोक्यावर घेऊन बांधावर चार पावलं चालले आणि मिठासकट चिखलात बसले. हौसा म्हणाली, "शेट, तू तराजूच धर. त्यात तुजा हात बसलाय." तिघांनी मिळून जमेल तेवढं आणलं. काही गोण्या.

त्या माझ्यात ओतल्या. संध्याकाळच्या आत लोकांनी मला तळापर्यंत खरवडलं. नेताना म्हणत होते, "ओलसर आहे," "काळपट आहे," "खडे फार मोठे."

पुनवेला खाडी आत आली. कान्हू म्हणाला, आवाज वगैरे काही नाही, रास नुसती बसत गेली, जनू काठावर बसून बघत होता. मी ऐकलं. लागलं काही नाही.

मागाहून ट्रक आला. आता दुकानात पुड्या पुष्कळ आहेत. माझ्यावर वेफर्सच्या पाकिटांची टोपली असते.

परवा हौसा आली. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात कंपनीचा पास. कंत्राटदाराकडे झाडलोटीला लागलीय. फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "शेट, मिठाची पुडी."

शेटचा हात फळीशीच थांबला. मग त्यांनी पुडी काढून दिली. "कसं हाय कंपनीत?"

"बरं हाय. सावली हाय."

तिनं पुडी उलटीपालटी केली, कानाशी धरून हलवली. "काय लिवलंय रं यावर येवढं?"

शेटनं चष्मा लावला. "मानवी हाताचा स्पर्श न होता भरलेलं."

हौसानं पुडी पिशवीत टाकली. "बरोबर हाय," ती म्हणाली. "मिलतंय कुटं मानूस."

शेट हसायला गेले, पण ते जमलं नाही. नाक्यावर शिफ्टच्या गाडीनं हॉर्न दिला आणि ती निघाली.

तर असं आहे. 'येतो' म्हणून निरोप घ्यायची आपली पद्धत, पण मी कुठे जाणार? तुम्हीच निघा, तुमचीही गाडी चुकायची. टोपली जरा सरकवून एकदा आत बघायचं असेल तर बघा. मग झाकण तेवढं लावून जा. आत काही नाही, पण उघडं बरं दिसत नाही.