ताईला दिसेल असा फोटो

"नजर पुरती जायच्या आत तुझा एक फोटो पाठव," असं थोरल्या बहिणीचं पत्र आलं, तेव्हा आप्पांनी त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं होतं. पहिलं वाक्य कोरडं वाटलं म्हणून फाडलं, दुसरं नाटकी वाटलं म्हणून. मग घरात धड फोटोच नाही, हे निमित्त सापडलं. पुढे उशीर झाला म्हणून लाज वाटायची आणि लाज वाटायची म्हणून आणखी उशीर व्हायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या चार ओळी काही केल्या पटेनात.

ताईने ते पत्र शेजारणीकडून लिहून घेतलं होतं. 'नजरेचा मधलाच भाग गेलाय. माणसं दिसतात, पण चेहरे पुसल्यासारखे. ठळक काळं-पांढरं तेवढं कळतं.'

"आप्पा, हनुवटी वर!"

सून घरीच फोटो काढायचा व्यवसाय सुरू करणार होती. उद्या पहिलं गिऱ्हाईक येणार, म्हणून आज सासऱ्यावर हात साफ करणं चाललं होतं. सोफा भिंतीला लावलेला, खिडकीवर जाड पडदा, स्टँडवरच्या दिव्यापुढे पातळ पांढरं कापड. समोरच्या बाजूला खुर्च्यांवर इस्त्रीची चादर ताणलेली, उजेड परतून यावा आणि चेहऱ्यावर सावली उरू नये म्हणून.

"चष्म्यात दिवा चमकतोय." तिने स्टँड उंच केला आणि चष्म्याच्या काड्या कानावरून जरा वर उचलल्या. "आता हसा."

"हसतोच आहे."

"हे हसणं? दाढ दुखत असेल असं वाटलं मला."

फोटो निघाला. सुरकुत्या गायब, गाल लोण्यासारखे. "बघा, कसं तरुण केलं तुम्हाला!"

आप्पांनी फोटो जवळ घेऊन पाहिला. ताईला ही नुसती पांढरी बशी दिसणार. पण पोरीने सकाळपासून एवढा घाम गाळलेला. गप्प बसावं, हाच पाठवून मोकळं व्हावं, असं मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराचीच त्यांना शरम वाटली.

"अगं, हा जरा... बिघडवता येईल का?"

"बिघडवता?"

मग सगळं सांगावं लागलं.

"कधी आलं होतं पत्र?"

"थंडीत."

"आप्पा, आता पंखा फुल्ल चालू आहे!"

"हो," आप्पा म्हणाले. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तिने दिव्यापुढचं कापड ओढून काढलं, चादर गुंडाळली, आप्पांच्या मागे काळं घोंगडं टांगलं आणि दिवा पार एका अंगाला नेऊन दुसरा फोटो काढला. "फोटोच्या क्लासमध्ये हे दाखवलं तर बाई मला नापास करतील," ती पुटपुटली.

आप्पांनी कागदाचे दोन गोल तुकडे कापले आणि चष्म्याच्या काचांवर मधोमध गोंदाने चिकटवले. तसाच चष्मा घालून, मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने त्यांनी पहिला फोटो पाहिला. तिथे कोणीच नव्हतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिलाही चेहरा नव्हता. इतके महिने ताई अशा घरात वावरत होती, आणि आपण वाक्यं जुळवत बसलो होतो.

"पाणी देऊ का?" सुनेने विचारलं.

"नको. दुसरा दाखव."

अर्धा चेहरा अंधारात, अर्धा लख्ख. सुरकुत्या नांगरटीसारख्या, आणि मधे घराण्याचं ते पोपटाच्या चोचीसारखं नाक. कडेने पाहिलं तरी ओळखू येत होतं.

"कुरूप आलाय हो," ती म्हणाली.

"मोठा छापून आण."

छापील फोटो आल्यावर आप्पांनी जाड काळ्या पेनने, पानभर अक्षरात लिहिलं : 'ताई, उशीर केला. कारण काही नाही. हा मी.'

"कारण नाही असं कुठे लिहितात का?"

"खरं तेच आहे."

"घेतलं असेल त्यांनी समजून."

"म्हणूनच तर," आप्पा म्हणाले. ताईची नजर एव्हाना किती उरली असेल, हे विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण ते विचारायचं कोणाला?

त्यांनी मजकूर दुसऱ्यांदा वाचला नाही. चपला घालून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले आणि पाकीट आत टाकलं.