काठीबाबाची पुडी

करुणाचं पत्र आलं तेव्हा कडुबा हिवराळे औषधांच्या दुकानात एकटेच बसले होते. पाकिटात वहीचा एक कागद होता आणि राखेची एक पुडी.

"काका, दोनदा फोन केला. तुमच्या मुलानं, सुयशदादांनी उचलला, बाबा आराम करतायत म्हणाले. म्हणून लिहिते आहे. आई पाच महिने रोज काठीबाबाची एक पुडी घेते. शुगरच्या गोळ्या तिनं बंद केल्यात. तोंड सुजलंय, सारखं पाणी पिते. बायका म्हणतात तेज आलंय. या पुडीत काय आहे तेवढं कळवा. आई तुमचंच ऐकेल. पण मला फार दिवस थांबता येणार नाही."

कडुबांनी पुडी उघडली आणि कणभर राख जिभेच्या टोकाला लावली. राख खारट लागते. ही आधी खारट लागली, मग कडू. अडतीस वर्षं औषधं विकलेल्या माणसाला तो कडूपणा कशाचा हे लगेच कळलं. त्यांनी पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि उत्तर दिलं नाही.

लासूर स्टेशन या कडुबांच्या गावात तेव्हा दर गुरुवारी जत्रा असायची. सकाळच्या पॅसेंजरनं माणसं उतरायची, संभाजीनगरची, मुकुंदवाडीची, पार जालन्याकडची. लंगडत, वाकत, एकमेकांच्या खांद्याला धरून ती गावाबाहेरच्या शेतात जायची. तिथं एका मोठ्या बाभळीला काठ्याच काठ्या लटकलेल्या. वेताच्या, बांबूच्या, दवाखान्यातल्या चार पायांच्यासुद्धा. झाडाला पानापेक्षा काठी जास्त! खाली पलंगावर काठीबाबा बसलेला, गळ्यात माईक अडकवून.

"किती साल झाले गं काठीला?"

"सात साल, महाराज."

"सात साल काठीनं तुला चालवलं. आता टाक तिला! गुडघ्यात शनी ठाण मांडून बसला व्हता, त्याला म्या नोटीस दिली. महिन्यात घर खाली करतो का नाय बघ!"

लोक हसायचे, टाळ्या पिटायचे. आणि खरंच, महिन्याच्या आत म्हातारी काठीशिवाय यायची. बाबाच्या अटी दोनच. "डॉक्टरची गोळी आन माझी राख, दोघी सवती. एका पोटात नांदत नाय. आन एक दिवस बी नागा करायचा नाय. नागा केला, तर दुखणं दुप्पट हून येईल."

ज्यांनी नागा केला त्यांचं दुखणं खरोखरच दुप्पट होऊन आलं. मग शंका घ्यायला जागा कुठे उरली?

करुणाची आई मुक्ताबाई मूळची लासूरचीच. तीस वर्षं तिची औषधं कडुबांकडून जात. तिला वाचता येत नसे, म्हणून ते पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य काढायचे आणि रात्रीच्या गोळीला चंद्र. लेकीला चितेगावच्या कंपनीत नोकरी लागली तशी ती मुकुंदवाडीला राहायला गेली, पण गुरुवारी बाबाकडे आली की दुकानात डोकवायची. एकदा ती दुकानाच्या तिन्ही पायऱ्या कशालाही न धरता चढून आली.

"मामा, बघा! काठी गेली बाभळीवर!"

"छान झालं. पण शुगरची गोळी चालू आहे ना?"

"बंद! बाबा म्हणले, राख घेतली की साखर आपसूक उतरती."

"मुक्ताबाई, असं करू नका. गोळी..."

"गिऱ्हाईक तुटलं म्हणून जीव जळतो व्हय मामा?"

दुकानातले सगळे हसले. कडुबा मुळातच लाजाळू माणूस. चार लोकांत त्यांचा आवाज फुटत नसे. कानांपर्यंत लाल होऊन ते कपाटाकडे वळले आणि नीट लावलेल्या बाटल्या पुन्हा लावू लागले.

पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी दुकानामागची खोली उघडली. कोपऱ्यात गोणपाटाखाली डब्यांची थप्पी होती. प्रत्येक डब्यात हजार गोळ्या, डेक्सामेथासोनच्या. सगळ्या तालुक्याला वर्षभर लागणार नाहीत इतक्या.

"सुयश, हे कोणासाठी आणलंस?"

मुलानं मोबाइलमधून मान वर केली नाही. "बाबाची माणसं नेतात."

"चिठ्ठीशिवाय? हे स्टेरॉइड आहे. ते लोक हे कुटून राखेत मिसळतात, कळतंय तुला?"

"लोक चालतायत ना, बाबा? तुम्ही अडतीस वर्षं गोळ्या दिल्या. किती जणांची काठी सुटली?"

"लायसन्स माझ्या नावावर आहे."

"म्हणून तर म्हणतो, गप बसा. बोललात तर आधी तुम्ही आत जाल, मग मी. तुमच्या सुनेला, दीपमालाला सातवा महिना लागलाय. तिच्याकडं बघून तरी गप बसा."

कडुबांनी गोणपाट पुन्हा डब्यांवर ओढलं. रोज दुपारी दुकान जरा निवांत झालं की ते कागद घ्यायचे, "चि. करुणा" लिहायचे आणि थांबायचे. आपली जीभ म्हणजे काही प्रयोगशाळा नाही. आपण चुकत असलो तर? पाच महिन्यांत जे झालं नाही ते आठ दिवसांत काय होणार आहे? अशी कारणं त्यांना भराभर सुचायची. कागद फाटायचा. असे एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी करुणानं वाट पाहणं सोडलं. घरातल्या सगळ्या पुड्या तिनं मोरीत ओतल्या. तिसऱ्या दिवशी मुक्ताबाईला उलट्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी तिला अंथरुणातून उठवेना. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेताना रिक्षातच तिनं मान टाकली.

मुक्ताबाईच्या जलदानविधीला कडुबा मुकुंदवाडीला गेले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो. समोर वंदना चालली होती आणि मागे बायकांची कुजबुज.

"पोरीनंच पुड्या फेकल्या म्हणं."

"नागा झाला ना! बाबा आधीच म्हणले व्हते."

"शिकल्याली पोर. तिला लई कळतंय."

विधी उरकल्यावर करुणा त्यांच्यापाशी आली. तिचे डोळे कोरडे होते.

"काका, माझं पत्र मिळालं होतं का?"

कडुबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही."

"वाटलंच मला. नाहीतर तुम्ही कळवलं असतंच. मीच मारलं का हो तिला?"

तेवढ्यात कुणीतरी चहा पुढे केला. कडुबांनी कप घेतला आणि सगळा चहा संपवला.

त्याच आठवड्यात गुरुवारी ते बाभळीपाशी गेले. गर्दी दुप्पट झाली होती. बाबाला आता नवी गोष्ट मिळाली होती.

"मुकुंदवाडीची मुक्ताबाई! माझ्या राखेनं चालाय लागली व्हती का नाय?"

"व्हय!"

"लेकीनं राख मोरीत वतली. मंग काय झालं?"

"मेली!" हजार माणसं एका सुरात म्हणाली.

"कोणी मारली?"

"लेकीनं!"

पुढच्या रांगेतलं एक पोरगं आजीच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवत होतं. आजीचा चेहरा गोल, तुकतुकीत, सुजलेला होता. कडुबांनी भोवती पाहिलं. तसेच चेहरे त्यांना पन्नासएक तरी दिसले. बाबाचं तेज.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि एका बैठकीत पत्र लिहिलं.

"चि. करुणा,

तुझं पत्र मला मिळालं होतं. मी तुझ्याशी खोटं बोललो.

पुडीत राख आहे आणि डेक्सामेथासोनच्या कुटलेल्या गोळ्या आहेत. या औषधानं सूज आणि दुखणं झपाट्यानं ओसरतं, म्हणून काठी सुटते. आजार तिथंच असतो. औषध पोटात जात राहिलं की चेहरा सुजतो, रक्तातली साखर चढते. तुझ्या आईनं शुगरची गोळीही सोडलेली होती.

आता नाग्याचं ऐक. असंच एक द्रव्य आपलं शरीर स्वतः तयार करतं. ते बाहेरून आयतं मिळू लागलं की शरीर तयार करणं सोडून देतं. पुडी एकदम थांबली की बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. दुखणं उसळतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. बाबाचा शाप तो एवढाच. त्यानं विषाचा गुण देवाच्या नावावर खपवला.

म्हणून पुड्या थांबल्यानं आई गेली, हे खरं आहे. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण हे तुला ठाऊक असणं शक्य नव्हतं. मला ठाऊक होतं. 'एकदम बंद करू नकोस, पुडी घेऊन आईला घाटीत ने,' एवढी एक ओळ मी लिहिली असती तर आई वाचली असती. गोळ्या माझ्या दुकानातून गेल्या, माझ्या मुलानं विकल्या आणि मला कळल्यावरही मी गप्प राहिलो.

हे पत्र तुझ्या शेजारणींना वाचून दाखव. ज्या घरात पुडी आहे त्यांना सांग, फेकू नका, डॉक्टरला दाखवा, तो हळूहळू कमी करील. आणि एवढंही सांग, की गुण आला म्हणून हात जोडायच्या आधी, कशानं आला, ते विचारा. जो सांगत नाही त्याच्या हातचं पोटात घालू नका. मग तो बाबा असो, नाहीतर माझ्यासारखा दुकानदार."

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, परवान्याचा नंबर लिहिला आणि दुकानाचा शिक्का मारला. एक नक्कल औषध निरीक्षकाच्या पाकिटात घातली.

सुयश मागच्या दारानं आत आला आणि त्यानं शिक्का पाहिला. "बाबा, निदान दुकानाचं नाव तरी खोडा. येणाऱ्या लेकराला काय सांगू मी?"

"हेच वाचून दाखव," कडुबा म्हणाले आणि चपला घालून निघाले.

पोस्टातल्या बाईंनी दोन्ही पाकिटं वजनाला लावली. वरच्या पाकिटावरचा पत्ता वाचून त्यांनी विचारलं, "मुकुंदवाडी तर हितंच हाय. तातडीचं हाय का काका?"

"होतं," कडुबा म्हणाले आणि त्यांनी पाकिटं खिडकीतून आत सरकवली.