हलकी भरलेली पेटी

परदेशातल्या डोंगरांतल्या शिकारीहून परतल्यावर जैदसाहेबांनी काडतुसांची पेटी किसनदादांच्या टेबलावर ठेवली आणि चहा नको म्हणाले. बावीस वर्षांत ते पहिल्यांदाच चहा नको म्हणाले असतील.

"उस्ताद, गोळी खाली लागली," ते हिंदीत म्हणाले. "तळावर शंभर मीटरवर तपासलं, तेव्हाच थोडी खाली जात होती. वाटलं, प्रवासात बंदुकीवरची दुर्बीण हलली. सरकवून घेतली. मग चारशे मीटरवर रानबोकड उभा होता. नेम खांद्यामागे धरला आणि लागली पोटात. तो पडला नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही रक्ताच्या मागं चाललो, मग बर्फ पडायला लागला." टेबलावरचा कचरा त्यांनी बोटानं बाजूला सारला. "जखमी जनावर मागं टाकून मी कधी घरी आलो नव्हतो."

मी बाजूला उभा होतो. गोळी खाली का लागली ते मला माहीत होतं. ते माहीत असणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

आखातात, दोह्याबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात आम्ही कामाला. मालक जैदसाहेब. सगळं रीतसर, परवान्याचं. किसनदादा बीडकडचे, बंदुका आणि काडतुसांचं खातं त्यांच्याकडे. मी जालिंदर, आयटीआयचा टर्नर, सात वर्षं त्यांच्या हाताखाली. वापरलेली पितळी पुंगळी स्वच्छ करायची, तिला बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, पावडर तोलून भरायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. तोलायचं काम माझं. दादा प्रत्येक माप पुन्हा तोलत आणि मग पेटीवर सही करत. त्यांची सही म्हणजे जैदसाहेबांना शपथेसारखी.

ही पेटी भरली त्या दिवशी मात्र दादा डोळे दाखवायला दवाखान्यात गेले होते. डोळ्यांत औषध घालून आले, सगळं धुरकट दिसत होतं. मी म्हटलं, "दादा, तपासता का?" तर म्हणाले, "तू तोललंस म्हणजे मी तोललं." आणि सही केली.

त्याच्या आदल्या शुक्रवारी अल अझीझिया वस्तीत, आमच्यातल्या सुरेशभाऊ इंजिनियरांच्या फ्लॅटवर कीर्तन होतं. महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही जमतो. इंजिनियर लोक सोफे गच्चीत नेऊन ठेवतात, आम्ही लेबरवाले झांजा आणतो, आणि दोन तास कोण साहेब नि कोण फिटर याचा कुणाला पत्ता राहत नाही. चारुलताताई कीर्तन करतात. एरवी शाळेत गणित शिकवतात, पण पदर खोचून उभ्या राहिल्या आणि हार्मोनियमनं सूर धरला, की त्या गणितवाल्या बाई राहत नाहीत. त्या दिवशी आख्यान होतं एका हरिणीचं. पारध्यानं बाण सोडलाय, पाडस पायाशी आहे, आणि ती देवाला म्हणते, मला मार, पण एवढं पोर खडकामागं जाईपर्यंत थांब. तर देवानं काय केलं? बाण अडवला नाही, पारध्याला मारलं नाही. नुसता बाणाचा वेग काढून घेतला. ताईंनी ते एवढं हळू गायलं, की माझी झांज हातातच राहिली.

मी माळकरी. सात वर्षं पोटासाठी शिकारीची काडतुसं भरतोय आणि रोज रात्री देवाची माफी मागतोय. त्या शुक्रवारी मला वाटलं, हे आख्यान देवानं माझ्यासाठीच लावलंय. वेग तर माझ्याच हातात आहे.

शिकारीआधी रेंजवर झाडून तपासायची पाच काडतुसं मी बरोबर भरली, आणि पेटीतली चाळीस हलकी. शिकार मी कधी पाहिली नव्हती. माझी समजूत अशी, की मंद गोळी अलीकडेच मातीत पडेल, आवाज होईल आणि जनावर पळून जाईल. देवाचं काम मी पावडरीच्या चमच्यानं करायला गेलो.

"बघतो साहेब," दादा म्हणाले. "दोन दिवस द्या."

"उस्ताद, हात कसा आहे तुझा?" जैदसाहेबांनी विचारलं. दादांचा उजवा हात वर्षभरापासून जरा थरथरायचा. दादांनी तो खिशात घातला.

"हात बरा आहे, साहेब."

ते गेल्यावर आम्ही वेग मोजायचं यंत्र रेंजवर मांडलं. पेटीतली पाच काडतुसं झाडली. सेकंदाला तीन हजार फुटांच्या घरात आकडा हवा होता. पाचही वेळा दीडशेनं कमी आला.

"आधी ह्या यंत्राला विचारू," दादा म्हणाले. "हे आपल्या तलाठ्यासारखं आहे, सावलीत बसवलं तरच खरं बोलतं." वर कापड धरलं, बॅटरी बदलली, अंतर फुटपट्टीनं मोजलं. आकडा तोच. मग दादांनी गेल्या वर्षीच्या पेटीतली पाच काढली. त्यांचा वेग बरोबर आला.

"म्हणजे यंत्र शहाणं आहे. बंदुकीची नळीबी शहाणी आहे."

"थंडीनं पावडर मंदावते म्हणतात," मी म्हणालो. मी असं का बोललो ते देवाला ठाऊक.

"डोंगरात मंदावेल की. इथं कशी मंदावेल? इथं मी शर्ट पिळायलोय." ते हसले. "घाई करू नको, लेका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की चोर सापडत नाही, नुसता पंचनामा होतो."

दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातली पावडर, त्याच खोक्यातल्या टोप्या आणि तसल्याच गोळ्या घेऊन त्यांनी स्वतः पाच भरली. डोळ्यांवर दोन चष्मे चढवले होते, हाताखाली उशी घेतली होती. मी पावडरीला हात लावायला गेलो तर म्हणाले, "राहू दे. माझ्या हाताची परीक्षा आहे ही." एकेक दाणा चिमट्यानं टाकत होते. तासभर लागला. पाचांचाही वेग बरोबर आला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं पोर दहावी पास झाल्यावर बघतं.

"हात शाबूत आहे रे," ते म्हणाले.

मग तराजूवर प्रमाणाची वजनं ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. आता उरलं होतं ते पेटीतल्या काडतुसांच्या पोटात काय आहे ते.

गोळी उपटायची हातोडी असते. तिच्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी आणि पावडर सुटी होते. दादांनी पहिलं काडतूस मोकळं केलं. पावडर तोलली. कमी. कागदावर आकडा लिहिला. दुसरं, कमी. तिसरं, चौथं. दहा झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि कागदाकडे बघत राहिले.

दहाही आकडे सारखे होते. हात थरथरला असता तर एकात जास्त, एकात कमी पडली असती. डोळ्याला दिसलं नसतं तरी तसंच. सारखं कमी चुकून पडत नाही. मापच तसं लावून ठेवावं लागतं.

मी म्हणालो, "दादा..."

"गप बस," ते म्हणाले.  कागदाची घडी घालून खिशात टाकली.

दुपारी जैदसाहेब आले. मला वाटलं, आता दादा कागद काढतील. ते उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, पावडर कमी पडली. त्या दिवशी डोळ्यांत औषध होतं. तोलायला मीच बसलो होतो. चूक माझी."

जैदसाहेबांनी पेटीवरची सही पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "उस्ताद, तू बावीस वर्षं माझं काम केलंस. माणूस म्हातारा होतो, त्यात लाज नाही. उद्यापासून तू टेबलावर बसू नकोस. गेटवर बस. कागदपत्रं बघ."

"शुक्रन, साहेब," दादांनी अरबीत आभार मानले, आणि टेबलावरचा चिमटा फडक्यात गुंडाळायला लागले.  सकाळीच त्यांचा हात शाबूत ठरला होता.

मला ते बघवलं नाही. मी जैदसाहेबांना सगळं सांगितलं. दवाखाना, तपासणीची पाच, पेटीतली चाळीस. हरिणीचंही सांगितलं. मोडक्या हिंदीत ते फार वेड्यासारखं ऐकू आलं.

ते ओरडले नाहीत. "तुला दया आली," ते म्हणाले. "मग मला नकार द्यायचास. मी तुला दुसरं काम दिलं असतं. मी त्या बोकडाला एका क्षणात मारलं असतं, त्याला कळलंही नसतं. तू त्याला दिवसभर मारलंस." मग दाराशी जाऊन म्हणाले, "खलास. याचं तिकीट काढा. पण त्याआधी यानं तोललेली प्रत्येक पेटी उघडून बघा. उस्ताद, टेबल तुझं."

मला वाटलं होतं, दादांचं नाव सुटलं की माझ्या छातीवरचं ओझं उतरेल. जैदसाहेबांची गाडी गेल्यावर दादा म्हणाले, "कशाला बोललास?"

"तुमच्यावर कसं येऊ देऊ?"

"माझा हात गेला असता तर बरं होतं रे. हात जातोच कधीतरी." ते खुर्चीत बसले. "मी बिनतपासता सही केली ती तुझ्या हातावर. तोच खोटा निघाला."

फळीवर माझ्या हातच्या अकरा पेट्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दादा त्या उघडायला बसले. मला पावडरीला हात लावायची मनाई, म्हणून मी समोरच्या स्टुलावर बसून रिकाम्या पुंगळ्या वेगळ्या ठेवत होतो. ठोका, पावडर, तराजू, आकडा. पहिली पेटी पूर्ण बरोबर निघाली. दुसरीही. दुपारी जेवणाचे डबे आले, ते तसेच राहिले.

"दादा, बाकीची सगळी बरोबर आहेत," मी म्हणालो. "माळेची शपथ."

"असतील," ते म्हणाले. त्यांनी पुढचं काडतूस हातोडीत अडकवलं, ठोकलं, पावडर तराजूत ओतली आणि काटा स्थिर होईपर्यंत वाकून थांबले. काटा बरोबर जागी आला. त्यांनी आकडा लिहिला आणि पुढचं घेतलं.