बकुळाबाईंनी दिलेली उत्तरं

एकाच पायातली चप्पल. खिडकीच्या गजाला बांधलेली वेणी. करपलेल्या भाताचं पातेलं. मंडपाच्या भोंग्यावरून पुकारलेलं एका हरवलेल्या मुलीचं नाव.

या गोष्टी माझ्याकडे आहेत. त्या कुठे ठेवायच्या ते मला माहीत नाही.

मित्रांनो, मी परळच्या एका दवाखान्यातला जुना टॅब आहे. माझा कोपरा फुटला आहे, त्याला चिकटपट्टी लावली आहे. मोठ्या माणसांचं लक्ष टिकत नाही ते आजारामुळे की कसं, हे ओळखायला मी डॉक्टरांना मदत करतो. त्यासाठी मला चार हजार माणसांची उत्तरं शिकवली. त्यातून मी एक गोष्ट पक्की शिकलो. हा त्रास लहानपणापासून असतो; तेव्हा नसेल, तर तो हा आजार नाही. पूर्वी माझं फार कौतुक झालं. दसऱ्याला अजून मला झेंडूचं फूल वाहतात.

बुधवारी दर्शना आली. वय एकोणचाळीस, दादरच्या एका ऑफिसात नोकरी. रोजचा उशीर, अर्धी राहिलेली कामं. हे आजारामुळे होतं असं डॉक्टरांचं पत्र सोमवारपर्यंत आणलं नाही, तर नोकरी जाणार होती. माझ्या पडद्यावर गोल दिसला की दाबायचं, त्रिकोण दिसला की थांबायचं. ती त्रिकोणावरही दाबत राहिली. तिला पत्र मिळेल अशी मला आशा वाटली.

मग डॉक्टर मेघनांनी मला तिच्या आईच्या मांडीवर ठेवलं. काळाचौकीच्या बकुळाबाई. लहानपणाचे प्रश्न आईने सोडवायचे असतात. डॉक्टर बाहेर गेल्या.

प्रश्न: वस्तू हरवायची का?
उत्तर: कधीच नाही.
"आई, एका चपलेवर घरी यायचे मी."
"गप गो. ते यात सांगायचं?"

प्रश्न: एका जागी बसायला त्रास व्हायचा का?
उत्तर: कधीच नाही.
"वेणी गजाला बांधायचीस माझी."
"बांधली म्हणून दहावी झालीस."

प्रश्न: सांगितलेलं काम विसरायची का?
उत्तर: कधीच नाही.
"भात किती वेळा करपवला मी?"
"तुझ्या बापाने चहा करपवला होता. त्याला कुणी तपासलं?"

प्रश्न: भान हरपून भटकायची का?
उत्तर: कधीच नाही.
"गणपतीत चारदा भोंग्यावरून पुकारलं मला."
"पाचदा. शेवटी मंडळाचा लवू नाव न विचारताच पुकारायचा."
"मग तसं दाब ना."
"परक्यांसमोर पोटच्या पोरीची नालस्ती करू?"
"नोकरी जाईल, आई."
"म्हणून तर चांगलं सांगतेय. डोक्याने अधू म्हणून लिहिलं, तर कोण ठेवील तुला?"

मित्रांनो, मला सगळं ऐकू येत होतं. पण मला फक्त उत्तरांच्या चौकोनांवर दाबलेलं मोजता येतं. मी लिहिलं: शक्यता कमी.

डॉक्टर आल्या. "नक्की ना, आई?"

"गुणी होती हो माझी पोर."

दर्शनाने तोंड उघडलं. बकुळाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. तिने आईकडे पाहिलं.

"तीन महिन्यांनी पुन्हा बघू," डॉक्टर म्हणाल्या. पत्र मिळालं नाही. बकुळाबाईंनी मला पदराने पुसून टेबलावर ठेवलं.

मोठेपणी तुम्ही माझ्यासारखं काही बनवलंत, तर चौकोनांखाली एक मोकळी ओळ ठेवा. मला ती कुणी दिली नाही.

दवाखाना दहाला उघडतो. त्या बुधवारी उशीर होऊ नये म्हणून दर्शना साडेसातलाच येऊन पायरीवर बसली होती.